डर्ट बाईकचा रायडिंग गिअर: या चुका टाळा

गिअर, म्हणजे हेल्मेट, बूट, पॅड अशी अंगावरची संरक्षक साधनं, विकत घेतला जातो, अंगावर चढवलाही जातो. तरी पडल्यावर कळतं, की गुडघ्याचं पॅड नडगीवर उतरलं होतं. जागेवर नसलेलं पॅड म्हणजे नुसतं ओझं. म्हणून बहुतेक चुका फिटिंगच्याच असतात.

नी गार्ड, म्हणजे गुडघ्याचं पॅड, घसरतं त्याची कारणं ठरलेली. ते पँटवरून बांधलेलं असतं, नाहीतर सैल मोज्यावर. ते पँटच्या आत, पातळ लांब मोज्यावर किंवा स्लीव्हवर बसवा. बूट घातल्यावर गुडघा पूर्ण वाकवून, मग पेगवर, म्हणजे बाईकच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून बघा. गार्डचं खालचं टोक बुटाच्या काठावर टेकत असेल, तर बूट त्याला प्रत्येक धक्क्याला वर ढकलणार. पट्टे आवळून हा प्रश्न सुटत नाही, साईझ किंवा मॉडेलच बदलावं लागतं.

ट्रेकिंगचे किंवा कामाचे बूट चालतील, हा समज तर सोडूनच द्या. पाय बाईकखाली अडकून पिळला जातो, तेव्हा घोटा आणि नडगी सांभाळायला मोटोक्रॉसचा ताठ बूटच लागतो. नवा बूट लाकडासारखा वाटतो आणि गिअर पडेनासे होतात. बूट मोठा घेऊ नका, गिअर लिव्हर ज्या दातेरी शाफ्टवर बसतो, त्यावर तो एक दाता वर चढवा. मागचा ब्रेक तापत असेल, तर जाड तळवा पेडलवर टेकून राहतोय का ते पाहा आणि पेडलची उंची जुळवा.

हेल्मेट गाल दाबणारं हवं. ते हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. पट्टा बांधून मागच्या काठाला धरून पुढे लोटा. निघालं तर मोठं आहे. डबल डी-रिंगमध्ये, म्हणजे हनुवटीखालच्या दोन रिंगांच्या बकलमध्ये, पट्टा दोन्ही रिंगांतून घालून नुसता ओढू नका, बाहेरच्या रिंगवरून वळवून आतल्या रिंगमधून परत काढा. टोकाचं बटण फक्त लोंबणारं टोक अडकवण्यापुरतं असतं. आतला फोम एकदाच चिरडून धक्का शोषतो, त्यामुळे डोक्यावर जोरात पडल्यावर कवच कितीही चकचकीत दिसलं तरी ते हेल्मेट बाद.

गॉगलवर वाफ धरते? आधी नाकाकडे बघा. फ्रेम हेल्मेटच्या खिडकीपेक्षा मोठी असेल, तर ती नाकावर दाबली जाते, फोम उचलला जातो आणि श्वास थेट लेन्सवर जातो. आतून ग्लोव्हने पुसलंत की अँटी-फॉग थरही गेला.

छातीच्या गार्डाबाबत दुकानातही घोळ होतो. ईएन 14021 हे युरोपीय मानक लिहिलेलं असेल, तर ते पुढच्या बाईकने उडवलेल्या दगडमातीसाठी आहे. आदळण्यापासून छाती वाचवायला ईएन 1621-3 आणि पाठीसाठी ईएन 1621-2 बघा. पाठीच्या गार्डात लेव्हल 1 म्हणजे चाचणीत पलीकडे पोचणारं बल सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत, लेव्हल 2 मध्ये 9 पर्यंत. हा फरक दुप्पट आहे. नेक ब्रेस, म्हणजे मानेभोवतीचा संरक्षक पट्टा, घेणार असाल तर तो याच गार्डासोबत आणि याच हेल्मेटखाली घालून बघा.

हात भरून येऊन बोटं बधिर होत असतील, तर दोष लगेच ताकदीला देऊ नका. एल्बो गार्डचा, म्हणजे कोपराच्या पॅडचा, खालचा पट्टा एक घर सैल करा आणि जाड ग्लोव्हऐवजी पातळ वापरून पाहा.