ग्राफीनमधला करंट ध्वनिलहरीने ढकलताना

ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराच्या, पट्टीला बॅटरी न जोडताही तिच्यातून करंट वाहवता येतो. पिझोइलेक्ट्रिक (ताण पडला की विद्युतक्षेत्र तयार करणाऱ्या) स्फटिकाच्या पृष्ठभागावरून ध्वनिलहर धावते तेव्हा तिच्यासोबत विद्युतक्षेत्राचे चढउतारही सरकतात आणि वरच्या ग्राफीनमधले विद्युतभार ओढत नेतात. करंट नॅनोअँपिअरच्या घरातला. तो मिळवण्यापेक्षा खरा की भास, हे ठरवतानाच कस लागतो.

लिथियम नायोबेट या अशाच स्फटिकाचा 128 अंश वाय-कट वेफर (ठरावीक कोनात कापलेली पातळ चकती) घ्या, लहर स्फटिकाच्या एक्स अक्षाच्या दिशेने जाऊ द्या; वेग सेकंदाला सुमारे 3980 मीटर. दातांत दात घातलेल्या दोन फण्यांसारखे इलेक्ट्रोड काढा: दात 5 मायक्रॉन, फट 5 मायक्रॉन, 20 जोड्या. तरंगलांबी 20 मायक्रॉन, म्हणजे वारंवारता साधारण 199 मेगाहर्ट्झ. धातू 5 नॅनोमीटर टायटॅनियम, वर 50 नॅनोमीटर सोनं. असे दोन संच 5 मिलिमीटरवर समोरासमोर हवेत, मधे ग्राफीन.

रेझिस्ट (इलेक्ट्रोडचा आराखडा उठवण्यासाठी वेफरवर लावलेला थर) भाजताना घाई केलीत तर सगळी मेहनत वाया जाईल. तापमान बदललं की या स्फटिकावर विद्युतभार साचतो. थेट 120 अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवला, तर ठिणग्या पडून बारीक दात जळतात, कधी वेफरच टचकन तडकतो. मिनिटाला 2-3 अंशांनी चढवा आणि तितक्याच सावकाश उतरवा.

तांब्यावर वाढवलेलं ग्राफीन पीएमएमए या प्लास्टिकच्या थराच्या आधाराने वेफरवर उतरवा. दातांवर त्याचा तुकडा राहिला तर फणी शॉर्ट होते, म्हणून पट्टीबाहेरचं सगळं ऑक्सिजन प्लाझ्माने काढून टाका.

आता नेटवर्क अ‍ॅनालायझरवर (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल परततो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) परावर्तनातला खड्डा, म्हणजे फणीकडून सिग्नल सगळ्यात कमी परततो ती वारंवारता, शोधा. धातूच्या वजनामुळे तो हिशोबापेक्षा थोडा खाली सापडतो; सिग्नल तिथेच द्या. शक्ती 0 डीबीएमपासून (1 मिलिवॉट) सुरू करा. सिग्नल 317 हर्ट्झने चालू-बंद करून करंट लॉक-इनने (फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल वेगळा काढणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने) मोजा. 50 च्या पटीतली वारंवारता नको, मेन्सच्या विजेची गुणगुण आत शिरते.

शक्ती 3 डीबीने, म्हणजे दुप्पट, वाढवली की करंट जवळजवळ दुप्पट व्हायला हवा. दुसऱ्या फणीतून लहर सोडली की दिशा उलटायला हवी. हवेत उघड्या ग्राफीनमध्ये बहुधा होलच (धनभारासारख्या वागणाऱ्या, इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जास्त असतात, त्यामुळे करंट लहरीच्याच दिशेने जातो. पण दिशा उलटली म्हणून निश्चिंत होऊ नका: तापलेल्या फणीमुळे तयार होणारा औष्णिक व्होल्टेजही तसाच उलटतो. म्हणून फणी आणि ग्राफीन यांच्या मधोमध फोटोरेझिस्टचा जाडसर थेंब ठेवा. लहर तिथे शोषली जाते. फणीची उष्णता आणि हवेतून थेट शिरणारा विद्युत सिग्नल (पिकअप) मात्र तसाच राहतो. करंट जवळपास नाहीसा झाला, तर तो लहरीचाच होता. थेंब नंतर अ‍ॅसिटोनने धुऊन टाका आणि करंट परत येतो का, तेही पाहा.