स्त्रीच्या कलाकृतीची नोंदपाटी कशी लिहावी

प्रदर्शनातील वस्तूशेजारी लावायची चार ओळींची पाटी लिहायला बसले की 'चित्रकला', 'लोककला' की 'हस्तकला' हे आपण आधी ठरवून टाकतो. ते सर्वांत शेवटी ठरवावे. वस्तू कशावर, कशाने, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या हातून झाली, हे आधी लिहून काढावे.

वारल्यांच्या लग्नचौकाचे, म्हणजे लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढल्या जाणाऱ्या चित्राचे पाहा. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात सवाशिणी चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते. हे काम परंपरेने बायकांचे. 1970च्या दशकात ते कागदावर आले, बाजारात गेले आणि पुरुषांची नावे पुढे आली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली मिळालेली पद्मश्री रास्तच होती. पण भिंतीवरच्या चौकाच्या छायाचित्राखाली नुसते 'आदिवासी कला' लिहिले, तर तो लिहिणाऱ्या सवाशिणी पाटीवरून पुसल्या जातात. म्हणून त्यांचा आणि धवलेरीचा उल्लेख तेथे हवाच.

'महिला चित्रकार' लिहिण्यापूर्वी त्या जागी 'पुरुष चित्रकार' लिहून पाहावे; हसू आले, तर शब्द खोडावा. मात्र स्त्री असण्याने कामाची वाट खरोखरच बदलली असेल, तर ते कारणासह सांगावे. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थिनींना बहुधा विणकामाकडेच वळवले जाई, आणि ॲनी आल्बर्स यांच्या हाती माग आला तो असा. त्यांच्या पाटीवर ही माहिती अत्यावश्यक आहे. 'नाजूक', 'सोशिक' ही विशेषणे गाळावीत. वडिलांचे किंवा पतीचे नाव, त्यांच्याकडे ती शिकली असेल तरच द्यावे.

खरी कसोटी गोधडीपाशी लागते. धावदोऱ्याच्या ओळी एका कडेला दाट आणि मध्येच विरळ झालेल्या दिसतात, एखादा तुकडा लुगड्याच्या काठाचा असतो. इतका हात ओळखू येत असताना आपण सहज 'कलाकार अज्ञात' लिहून मोकळे होतो. गोधडी देणाऱ्या घरी आधी फोन करावा. आजीचे नाव बहुतेकदा पहिल्याच प्रश्नाला मिळते. न मिळाल्यास पाटी अशी लिहावी: 'गोधडी. जुनी सुती लुगडी आणि धोतरे, धावदोरा. शिवणारीचे नाव संग्रहाच्या वेळी विचारले गेले नाही.'