जिल्हा न्यायालयात लिपिक किंवा लघुलेखक व्हायचंय? या चुका टाळा

भरतीची जाहिरात निघाली की टायपिंग क्लासच्या दारात रांग लागते. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जिल्हा न्यायालयांसाठी लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल अशा 4,629 पदांची जाहिरात काढली, तेव्हाही तेच झालं. "मॅडम, महिनाभरात मिनिटाला चाळीस शब्दांचा स्पीड येईल का?" हा प्रश्न ऐकला की माझा जीव तुटतो. येत नाही. महिनाभरात बोटं नुसती कळांवर बसायला लागतात.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती 'इंग्रजी 30' वर. कनिष्ठ लिपिकाला पदवी लागते, संगणकाचं प्रमाणपत्र लागतं (बहुतेकांकडे एमएस-सीआयटी असतं) आणि टायपिंग लागतं इंग्रजी 40, मराठी 30. राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणकावरच्या टायपिंगची परीक्षा देताना मुलं इंग्रजी 30 पास होतात, प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवतात आणि पुढची परीक्षा देतच नाहीत. मराठी 30 चालतं म्हटल्यावर इंग्रजी 30 ही चालेल, असं गृहीत धरतात. फॉर्म भरतात, फी भरतात आणि कागदपत्रांच्या तपासणीत बाहेर पडतात. 'निकाल लागायचाय, तोवर अर्ज करून ठेवतो' म्हणणाऱ्यांचंही तेच होतं. म्हणून नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी त्याची सगळी प्रमाणपत्रं मी टेबलावर मांडायला लावते. भाषा, वेग, नाव, तारीख, सगळं मोठ्यानं वाचून घेते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी तर राजपत्राची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवावी.

दुसरी चूक याहून महागात पडते, कारण ती थेट चाचणीच्या दिवशी कळते. प्रमाणपत्र असलं तरी न्यायालय टायपिंगची चाचणी स्वतः घेतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलानं घरच्या लॅपटॉपवर मराठीचा सराव केला होता, तोही इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. 'फिर्यादी' लिहायला तो एफ, आय, आर अशी अक्षरं दाबायचा आणि खालच्या यादीतून शब्द निवडायचा. वेग छान होता, चाळणी परीक्षाही पास झाला होता. चाचणीच्या संगणकावर ती यादीच नव्हती, होता साधा रेमिंग्टन कळफलक, म्हणजे जुन्या टाइपरायटरसारखी अक्षरांची मांडणी. त्याला पहिली ओळ पुरी करता आली नाही. हुशार पोरगा, पण त्या दिवशी शेजारच्यांच्या कळांचा आवाज ऐकत बसला.

मराठी टायपिंगच्या रेमिंग्टन आणि इन्स्क्रिप्ट या दोन मांडण्यांमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेतच, पण खरी गोची ऱ्हस्व वेलांटीची. रेमिंग्टनमध्ये आधी वेलांटी, मग अक्षर. इन्स्क्रिप्टमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. 'दिवाणी', 'निकाल', 'विधी' असे शब्द न्यायालयाच्या कागदात ओळीओळीला येतात. एका पद्धतीत मुरलेला हात दुसरीकडे प्रत्येक वेलांटीला ठेचकाळतो. तेव्हा एकच पद्धत धरा, क्लासमधल्या जुन्या, जड कीबोर्डवरही बसा, आणि प्रवेशपत्रावरच्या सूचनांत कळफलकाचा उल्लेख असेल तर तो आधी वाचा. मी शेवटचे पंधरा दिवस बॅकस्पेसच्या कळीवर कागद चिकटवते. मुलं चिडतात, चिडू देत.

लघुलेखकांसाठी शॉर्टहँड (लघुलेखन) मिनिटाला इंग्रजी 100 आणि मराठी 80 शब्द लागतं, शिवाय टायपिंग वेगळं. इथे घाई करणाऱ्यांची खोड अशी की डिक्टेशन घेतात, पण घेतलेलं वाचत नाहीत. आज लिहिलेल्या आउटलाइन्स, म्हणजे शब्दांसाठीच्या शॉर्टहँडच्या खुणा, उद्या सकाळी, मूळ उतारा न बघता, टाइप करा. जिथे अडकाल ती आउटलाइन चुकीची. आणि सराव अग्रलेखांवरच करत बसू नका. 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेनं राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. तिथे कानावर पडणार ते उलटतपासणी, दरखास्त, मनाई हुकूम, जबाब, मुद्देमाल. जुनी डिक्टेशनची पुस्तकं वापरत असाल तर तीही तपासा: 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाच्या शिक्षेचं कलम 302 जाऊन 103 आलं, फसवणुकीचं 420 जाऊन 318 आलं. 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता' हे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं नाव डिक्टेशनमध्ये सतत येतं, त्याची छोटी आउटलाइन आत्ताच ठरवून टाका.

चारित्र्याचे दाखले काकांकडून, मामांकडून घेऊ नका. नातेवाईक चालत नाहीत.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र न वाचता सही करू नका. 28 मार्च 2006 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अर्ज बाद होतो.

शिपाई-हमाल पदाला शिक्षणाची अट कमी आहे म्हणून हलक्यात घेणारे खूप भेटतात. तिथेही लेखी चाळणी असते आणि स्वच्छता व चपळता चाचणीही असते. झाडू कसा धरता, काम किती नीट करता, हे बघतात.

आणि 'गॅरंटी प्रमाणपत्र' विकणाऱ्यांच्या नादाला लागू नका. तो कागद तुम्हाला चाचणीच्या खुर्चीपर्यंत नेईलही, पण तिथे बोटं तुमचीच लागतात. रोज दोन तास, सहा महिने, एकाच कळफलकावर. माझ्या क्लासमधून जी मुलं लागली ती याच वाटेनं लागली.