टूरिंग बाईकवरचा क्विकशिफ्टर: क्लच कुठे सोडावा आणि कुठे धरावा

ठाणे आणि नवी मुंबईतून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकींना बंदी असल्यामुळे नाशिकला जायचे तर पडघा, शहापूर आणि कसारा घाट, पुण्याला जायचे तर पनवेल, चौक, खोपोली आणि बोरघाट, आणि जुन्नरकडे वळायचे तर मुरबाडवरून माळशेज, असे नाक्यांचे, ट्रकांच्या रांगांचे आणि घाटवळणांचे मार्ग उरतात. या रस्त्यांवर गिअर सतत बदलावा लागतो, त्यामुळे क्लच न दाबता गिअर बदलू देणाऱ्या क्विकशिफ्टरचे आकर्षण इथल्या चालकांना असणे स्वाभाविक आहे. गाडी घरी आल्यावर मात्र मते दोन टोकांची होतात. कुणाला त्याच्याशिवाय गाडी चालवणे नको वाटते, तर कुणी ‘झटके बसतात, गिअरबॉक्सची वाट लागेल’ म्हणून आठवडाभरात तो मेनूतून बंद करून टाकतो. हे दोघे पुष्कळदा एकाच मॉडेलवर बसलेले असतात. गिअर बदलताना इंजिन गाडीला ओढत होते, गाडी इंजिनाला ढकलत होती, की दोन्हींपैकी काहीच होत नव्हते, यावरच त्यांचा अनुभव ठरलेला असतो.

हे समजण्यासाठी गिअरबॉक्समध्ये थोडे डोकवावे लागते. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधले गिअर एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. त्यांच्या बाजूला असलेले जाड दाते, ज्यांना मेकॅनिक ‘डॉग’ म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकले की तो गिअर पडतो. इंजिन जोर लावत असताना हे दाते घट्ट दाबलेले असतात आणि सहज सुटत नाहीत. क्लच दाबल्यावर तो दाब जातो. क्विकशिफ्टर क्लचला हातच लावत नाही. गिअर लिव्हरच्या दांडीवरचा किंवा गिअरबॉक्सजवळचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला छोटा संगणक, सेकंदाच्या साधारण विसाव्या ते दहाव्या भागापुरता इंजिनाचा जोर तोडतो. तेवढ्यात दाते सुटतात आणि पुढचा गिअर बसतो. खालचा गिअर टाकताना उलटे काम असते: ईसीयू स्वतःच थ्रॉटल क्षणभर उघडून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवतो, यालाच ‘ब्लिप’ म्हणतात, म्हणजे इंजिन खालच्या गिअरच्या वेगाशी जुळते. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लागतो. म्हणूनच केबलच्या थ्रॉटलवर बाहेरून बसवलेले किट बहुधा फक्त वरचे गिअर टाकते.

या रचनेतून वापराचा मूळ नियम निघतो: गिअर वर टाकताना थ्रॉटल उघडा आणि गाडी वेग घेत असलेली हवी, तर गिअर खाली टाकताना थ्रॉटल पूर्ण बंद हवा. मधली अवस्था, म्हणजे थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवून एकाच वेगाने चाललेली गाडी, हीच बहुतेक तक्रारींचे मूळ असते. तिथे दात्यांवर दोन्ही बाजूंनी फारसा दाब नसतो, तोडायला जोरच नसतो, आणि चेनमधला ढिलेपणा पुढे-मागे होऊन धक्का जाणवतो. ताशी 80 च्या संथ वेगात पाचव्यातून सहावा टाकताना नेमके हेच घडते. अशा वेळी आधी थ्रॉटल किंचित वाढवावा, गाडीने ओढ घेतल्याचे जाणवले की लिव्हर उचलावा, किंवा सरळ क्लच वापरावा. क्विकशिफ्टर असलेल्या गाडीवर क्लच वापरण्यात कमीपणा नाही, हे काही उत्साही मित्रांना अधूनमधून सांगावे लागते.

सरावासाठी जागा नीट निवडावी. नवी मुंबईकरांना पाम बीच रस्त्याचा मोह होतो, पण तिथले सिग्नल आणि पहाटे चालायला, सायकल चालवायला येणारी माणसे पाहता तो या कामाचा नाही. पनवेल सोडल्यावर शेडुंगपासून चौकपर्यंतचा जुना महामार्ग सकाळी लवकर बरा असतो, आणि ठाणेकरांनी पडघ्याच्या पुढे गेल्यावर सुरुवात करावी. इंजिन पुरते तापलेले असावे, कारण थंड ऑइलमध्ये गिअर जड पडतात. आधी तिसऱ्यातून चौथा आणि चौथ्यातून पाचवा एवढेच करावे. थ्रॉटल मध्यम उघडा, आरपीएम साधारण 4,000 च्या वर, हात जागच्या जागी, आणि लिव्हरला एकच ठाम, पूर्ण उचल. थ्रॉटल सोडायचा नाही, हे मनगटाला पटायला थोडा वेळ लागतो, कारण वर्षानुवर्षांची सवय गिअरबरोबर थ्रॉटल मिटवण्याची असते. गिअर बसला की पाय लिव्हरखालून पूर्ण काढावा. पाय तसाच टेकलेला राहिला तर सेन्सरला दाब सुटल्याचे कळत नाही आणि पुढची उचल वाया जाते. हे जमले की दुसऱ्यातून तिसरा घ्यावा. पहिल्यातून दुसरा सगळ्यात शेवटी, कारण त्या दोन गिअरमधले अंतर मोठे असते, वाटेत न्यूट्रल असतो, आणि चांगल्या गाडीवरही तो टप्पा थोडा खडबडीतच लागतो. अनुभवी चालकांपैकी अनेकजण एवढ्या एका गिअरला कायम क्लच दाबतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे.

अर्धवट उचलीमुळे कधी दोन गिअरच्या मध्ये फॉल्स न्यूट्रल लागतो, इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी ओढत नाही. अशा वेळी लिव्हर पुन्हा आपटू नये. थ्रॉटल मिटवावा, क्लच दाबावा, गिअर नीट बसवावा आणि मग हळू क्लच सोडावा.

आता शहराचे बोलायला हवे, कारण सर्वांत मोठा अपेक्षाभंग तिथेच होतो. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी ते गायमुख सरकताना डावे मनगट भरून येते, शिळफाट्याला तर विचारूच नये, आणि या त्रासावर उतारा म्हणून क्विकशिफ्टरकडे पाहणारे बरेच असतात. तो उतारा नाही. गाडी थांबवायला, उठवायला आणि चालण्याच्या वेगाने रेटायला क्लच लागतोच, आणि दीड-दोन हजार आरपीएमवर क्लचविना टाकलेला गिअर दात्यांना ठोकतो. मागे कुणी बसले असेल तर याची पावती लगेच मिळते: प्रत्येक गिअरला त्यांचे हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्कन आपटते. तो आवाज येत असेल तोवर क्लच वापरणे सोडू नये. मनगटाचीच काळजी असेल तर ज्या गाड्यांत क्लचच आपोआप चालतो त्यांचा विचार करावा: होंडाच्या आफ्रिका ट्विनमधली डीसीटी, होंडाने 2023 मध्ये आणलेला ई-क्लच किंवा बीएमडब्ल्यूने 2024 मध्ये आर 1300 जीएस मालिकेत दिलेली एएसए यंत्रणा. क्विकशिफ्टर हे निराळे प्रकरण आहे, आणि केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर, सुझुकी व्ही-स्ट्रॉम 800 डीई किंवा ट्रायम्फ टायगर 900 च्या वरच्या आवृत्त्यांत तो मिळतो म्हणून त्या गाड्या ऑटोमॅटिक होत नाहीत.

घाटात मात्र त्याचे पैसे वसूल होतात. चढणीला इंजिनावर भार असतोच, त्यामुळे वरचा गिअर लोण्यासारखा पडतो, आणि सामान व मागे माणूस असताना तर रिकाम्या गाडीपेक्षाही मऊ. ट्रक ओलांडताना गिअर खाली घ्यायचा असेल तर थ्रॉटल मिटवा, लिव्हर दाबा, पुन्हा उघडा, हा क्रम पाळावा. काही नव्या गाड्या थ्रॉटल उघडा असतानाही खालचा गिअर घेतात, पण आपली घेते का हे पुस्तिकेत पाहून ठरवावे, समोर एसटी असताना नव्हे. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना उजवा हात ब्रेकवर, डावा हात हँडल घट्ट धरून, आणि गिअर एकेक करून खाली, ही मोकळीक लांबच्या दिवसाच्या शेवटी फार मोलाची वाटते. दोन गिअर घ्यायचे असतील तर दोन स्वतंत्र दाब द्यावेत आणि मध्ये लिव्हर पूर्ण सोडावा. आरपीएम फार वर असताना खालचा गिअर मारू नये, ब्लिप त्यातून वाचवत नाही. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात आणि ओल्या डांबरावर गिअरची सगळी कामे वळणाआधी, गाडी सरळ असताना उरकावीत. झुकलेल्या गाडीत मागच्या चाकावर आलेला छोटासा धक्काही तिथे महाग पडतो.

नियम पाळूनही झटके येत असतील तर आधी चेन पाहावी. ती पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा ढिली असेल तर जगातला उत्तम क्विकशिफ्टरही वाईट वाटतो. त्यानंतर लिव्हरची उंची तपासावी. टूरिंगचे जाड तळव्याचे बूट घातल्यावर लिव्हर खाली वाटतो, पाय पुरता आत जात नाही आणि उचल अर्धवट राहते, त्यामुळे बूट घालून गाडीवर बसूनच तो लावून घ्यावा. दांडीच्या दोन्ही टोकांचे सांधे पावसाळ्यातल्या एका फेरीनंतरही लाल चिखलाने भरतात. दांडी बोटांनी हलवून पाहावी. ती करकरत असेल किंवा सैल खेळत असेल तर सेन्सरला पायाचा दाब उशिरा किंवा तुकड्यातुकड्यांनी पोहोचतो. सांधे ब्रशने साफ करून थोडे ग्रीस द्यावे, पाण्याचा प्रेशर जेट थेट सेन्सरवर मारू नये, आणि सेन्सरची वायर इंजिनाच्या कडेला किंवा फूटरेस्टला घासत नाही ना हेही पाहावे. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे भरावे.

बाहेरून किट बसवायचे असेल तर वॉरंटीचे काय होईल हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे आणि जोर तोडण्याचा काळ आपल्या गाडीनुसार लावून देणाऱ्याकडेच काम द्यावे. तो काळ कमी पडला तर गिअर अडखळतो, जास्त झाला तर गाडी मान टाकते. ज्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल आहे, त्यांपैकी काहींत क्विकशिफ्टरने गिअर बदलला तरी वेग कायम राहतो, तर काहींत क्रूझ सुटतो, आणि हे शहापूरच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात, मागे वाहन नसताना, एकदा करून पाहावे.