सुरतेहून आलेली शेगडी टाकीला जोडताना

लग्नसराई आणि उन्हाळी सुट्टी लागली की अमळनेरच्या माझ्या दुकानात सुरतच्या शेगड्या यायला लागतात. ज्याचं कुणीच सुरतला नाही असं घर आपल्या खान्देशात शोधावं लागेल. उधन्याला, लिंबायतला भाऊ नाहीतर मेहुणा असतोच. त्याने नवी शेगडी घेतली की जुनी गोणपाटात गुंडाळून गाडीत चढवतो आणि ती गावाकडच्या बहिणीला मिळते. तीन बर्नर, वर काच, पुसून चकाचक केलेली. बहीण म्हणते, "नवीच शे भाऊ, फक्त नळी लाई दे." मी नळीला हात न लावता आधी शेगडी उलटी करतो.

सुरतला पुष्कळ घरांत गॅस पाइपलाइनने येतो. तो वेगळा गॅस, मुख्यतः मिथेन. आपल्या टाकीत असतात प्रोपेन आणि ब्युटेन. तेवढ्याच आकारमानात टाकीच्या गॅसची उष्णता पाइपवाल्याच्या अडीच पटीहून जास्त भरते. दाबही जास्त. आपल्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलीबारने येतो, पाइपलाइनवर 21 च्या आसपास. म्हणून पाइपलाइनच्या शेगडीला मोठ्या भोकाची जेट बसवलेली असतात. तीच शेगडी तशीच टाकीला जोडली की जेटमधून गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस सुटतो. पिवळीजर्द लांब ज्योत पातेल्याच्या कडेने वर चढते, बुड काळंकुट्ट होतं, आणि पदर जवळ असला तर पुढचं सांगायला नको.

जेट म्हणजे पितळेचा बोंडासारखा छोटा तुकडा, मधोमध बारीक भोक. बर्नर उचलून त्याखालच्या नळकांड्याच्या तोंडाशी पाहिलं की दिसतो. आपल्या जुन्या शेगडीचं आणि आलेल्या शेगडीचं जेट शेजारी ठेवून उजेडाकडे धरा, फरक डोळ्यांना कळतो. कळला नाही तरी देणाऱ्याला फोन करून सरळ विचारा, तुमच्याकडे टाकी होती का लाइन? लाइन असेल तर सगळ्या बर्नरची जेट बदलायची. टाकीची नवी जेट बाजारात मिळतात, ती त्या कंपनीच्या त्या बर्नरच्या मापाची हवीत, कारण मोठ्या बर्नरचं जेट वेगळं आणि छोट्याचं वेगळं. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. आटे पितळेचे असतात, घरातल्या पकडीने ओढाताण केली की चिरतात आणि मग गॅस जेटच्या बाजूने गळतो. एक प्रकार मी हमखास बघतो: जेट चोंदलं म्हणून कुणीतरी त्यात शिवणाची सुई फिरवलेली असते. बर्नरच्या भोकांत सुई घाला, माझी हरकत नाही. जेटमध्ये नको. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते.

शेगडी उलटी केली आहेच, तर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पाठीमागच्या नळीपासून प्रत्येक कॉककडे, म्हणजे बटणामागच्या चावीकडे, जाणारा पाइप गंजलाय का, कुठे झाळ लावलीय का? झाळ दिसली तर ती शेगडी भंगारात द्या. बटणं फिरवून बघा. एखादं पाण्यासारखं सैल फिरत असेल किंवा हाताला करकरत असेल, तर कॉक उघडून साफ करून त्याचं ग्रीस भरावं लागतं. आणि शेगडी वर्षभर माळ्यावर पडून असेल तर बर्नरखालच्या नळकांड्यात बॅटरीचा उजेड टाका. कोळ्याचं जाळं, झुरळाची अंडी, कधी कुंभारमाशीचं मातीचं घर, सगळं सापडतं. हवा अडली की ज्योत पिवळी होते, नाहीतर फट् करून आतच पेटते. काचेवर टवका किंवा बारीक तडा असेल तर घेऊच नका, फुकट मिळाली तरी.

(आचाऱ्यांकडून स्वस्तात मिळणारी लोखंडी भट्टी घरात आणायचा विचार असेल तर तो सोडा. ती जास्त दाबावर चालते, तिचा रेग्युलेटरही वेगळा.)

आता जोडणी. टाकी उभी, जमिनीवर, मोकळ्या हवेत. शेगडी टाकीपेक्षा उंच, ओट्यावर. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून ओट्याखाली दार लावलेल्या कप्प्यात टाकी कोंडू नये. कोंडायचीच असेल तर दाराला खाली आणि वर जाळी हवी. नळी जुन्या शेगडीबरोबर आलेली वापरायची नाही, कितीही चांगली दिसो. नवी नारिंगी सुरक्षा नळी एजन्सीतून घ्या, तिच्यात आत तारेची जाळी असते आणि अंगावर आयएसआयची खूण व साल छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदलायची. लांबी दीड मीटरच्या आत. भिंतीतून आरपार नेऊ नका, बर्नरच्या मागून वळवू नका, वर कापडाचं कव्हर घालू नका. कव्हराखाली उंदराने कुरतडलेलं दिसत नाही, आणि आपल्याकडे धान्य घरात आलं की मागोमाग उंदीर येतातच.

नळी शेगडीच्या नोजलवर, म्हणजे नळी बसवायच्या मागच्या तोंडावर, हाताने दाबून पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा. जड जात असेल तर टोक कोमट पाण्यात बुडवा. ज्योतीवर शेकू नका, तेल लावू नका. आणि सैल बसत असेल तर क्लिप आवळून भागवू नका, माप चुकलंय असं समजा.

रेग्युलेटर एजन्सीने दिलेलाच. टाकीची टोपी काढल्यावर व्हॉल्वच्या आतली काळी रबराची बारीक रिंग जागेवर आहे का ते बघा, ती नसेल किंवा चिरली असेल तर टोपी परत लावून एजन्सीला कळवा. रेग्युलेटरचं बटण बंद ठेवून तो व्हॉल्ववर सरळ बसवा, खालचा काळा गळा वर उचलून दाबा, सोडला की खट् वाजतं. हलवून पाहा, निघता कामा नये. टोपी दोरीला बांधलेलीच राहू द्या, गळतीच्या वेळी तीच कामाला येते.

मग माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. खिडकी उघडी, देवापुढचा दिवा शांत, शेगडीची सगळी बटणं बंद. वाटीत भांड्याचा साबण आणि थोडं पाणी घालून फेस करा. आता रेग्युलेटर चालू करा. ब्रशने तो फेस रेग्युलेटरच्या गळ्याला, नळीच्या दोन्ही टोकांना, पूर्ण नळीला आणि शेवटी शेगडीच्या प्रत्येक कॉकच्या बुडाला लावा. घाई नको, अर्धा मिनिट टक लावून बघा. मोठी गळती लगेच फुगे काढते, बारीक गळती मात्र एकाच जागी साबुदाण्याएवढा फुगा हळूहळू वाढवत बसते, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते. फुगा दिसला की रेग्युलेटर बंद, जोड पुन्हा नीट, पुन्हा फेस. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग आजही आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

फुगा नाही, वास नाही, तर आधी लायटर किंवा काडी धरा आणि मग बटण फिरवा. ज्योत निळी, आत टोकदार, शांत हवी. पिवळी आणि लांब असेल तर जेट मोठं आहे किंवा हवा अडलीय. बर्नर सोडून वर उडत सूं सूं करत असेल तर हवा जास्त जातेय. दोन्हीत बंद करून मेकॅनिकला बोलवा.

कधीही उग्र वास आला, तर रेग्युलेटर बंद करून काढा, टाकीवर टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. दिवा, पंखा, फ्रिज कशाचंच बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. फोन बाहेर जाऊन करायचा: 1906, चोवीस तास चालू असतो.

मे महिन्यात मात्र एक वेगळंच गाऱ्हाणं येतं, "भाऊ, तू बसाडेल शेगडी आपोआप विझस." बघायला जावं तर कुलरचं तोंड थेट स्वयंपाकघराकडे. सिमवर ठेवलेली डाळ, त्यावर कुलरचा वारा, ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कुलर बंद करा असं मी कुणालाही म्हणणार नाही, फक्त त्याचं तोंड फिरवा. आणि भरताची वांगी ज्योतीवर भाजल्यावर बर्नर गार होऊ द्या, चकती काढून घासा. तेलाचं बोट लावलेल्या वांग्याचा रस आत ठिबकून भोकं बुजतात, आणि दोष माझ्या नव्या जेटला येतो.