अठराव्या शतकातल्या वेल्श कवीचं कूळ कसं शोधावं

वेल्समधलं जुनं घराणं शोधताना आडनावावर भिस्त ठेवली की काम सुरुवातीलाच अडतं. अठराव्या शतकात तिथल्या खेड्यापाड्यांत कित्येकांना कायमचं आडनावच नव्हतं. बापाचं नाव मुलाच्या नावापुढे लागायचं.

गोरोन्वी ओवेन या नामांकित कवीचंच पाहा. जन्म १ जानेवारी १७२३, अँगलसी बेटावरच्या लानवाइर मथावर्न आइथाव या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागात. वडील ओवेन ग्रोनू, भांडी दुरुस्त करून पोट भरणारे. आई शान पॅरी. ग्रोनू म्हणजे गोरोन्वीच, तेव्हा आजोबांचं नाव वडिलांच्या नावातूनच कळतं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, पण इथे तिच्यामुळे पिढ्यान् पिढ्या ओवेन आणि गोरोन्वी ही दोनच नावं आलटून पालटून येऊ शकतात. म्हणून नुसतं नाव टिपू नका. शेजारी घराचं किंवा शेताचं नाव आणि धंदाही लिहा. माणूस ओळखायचा तो त्यावरून. लग्नानंतरही बायका अनेकदा माहेरचंच नाव चालवत, त्यामुळे आईकडची बाजू वाटते तितकी अवघड नसते.

आधी ‘डिक्शनरी ऑफ वेल्श बायोग्राफी’ हा वेल्श चरित्रकोश उघडा. ऑनलाइन आहे, फुकट आहे. तिथून पॅरिश आणि साल घेऊन चर्चच्या नोंदवह्यांकडे वळा. वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ मध्ये सुरू झाली, त्याआधी भरवसा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींवरच. मूळ वही खराब झाली असेल तर बिशपकडे दरसाल पाठवायची नक्कल शोधा. अँगलसीचं अभिलेखागार लान्गेव्नीला आहे.

तारखेत मात्र हमखास फसगत होते. १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे आपण ज्याला जानेवारी १७२३ म्हणतो तो महिना त्या काळच्या वहीत १७२२ मध्येच मोडायचा. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतची प्रत्येक तारीख १७२२/२३ अशी दोन्ही सालं देऊन लिहा, नाहीतर धाकटं भावंड थोरल्याच्या आधी जन्मलेलं दिसेल.

पुढे मृत्युपत्रं. १८५८ पूर्वी वेल्समधल्या चर्च न्यायालयांत दाखल झालेली मृत्युपत्रं ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवली आहेत. गरिबाचं मृत्युपत्र क्वचितच मिळतं, पण ज्या घरी तो कामाला होता त्या घरचं मिळू शकतं.

कवीच्या बाबतीत खरा खजिना पत्रांचा. गोरोन्वीची आई मॉरिस कुटुंबाकडे कामाला होती. याच घरातल्या लुईस, रिचर्ड आणि विल्यम या भावांशी त्याचा पुढे पत्रव्यवहार होता. घरातली ओढाताण, मुलंबाळं, नोकरीची वणवण सगळं त्यात येतं. कविता मात्र जपून वापरा. धाकट्या एलिनवरचं त्याचं शोकगीत वाचून मुलगी होती एवढं कळतं. दफनाची नोंद लिव्हरपूलजवळच्या वॉल्टनच्या वहीत शोधावी लागते, कारण तेव्हा तो तिथे चर्चच्या नोकरीत होता. अशा धर्मगुरूंच्या नेमणुका चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४० ते १८३५ या काळाच्या ऑनलाइन सूचीत सापडतात, आणि नेमणूक कळली की कुठली वही उघडायची हेही कळतं.

१७५७ मध्ये तो व्हर्जिनियाला निघाला. पत्नी जहाजावरच वारली. तिथे त्यानं आणखी दोन लग्नं केली आणि १७६९ मध्ये ब्रन्सविक काउंटीत त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे पुढचा शोध वेल्समध्ये नव्हे, त्या काउंटीच्या कोर्टाच्या दफ्तरात घ्यायचा: जमिनीचे व्यवहार, मालमत्तेच्या याद्या, वारसांची नावं. अमेरिकेतलं कुणी ऑनलाइन वंशावळीत त्याला पूर्वज म्हणून लावलं असेल तर मुलाची आई तिघींपैकी कोणती, हे आधी विचारा. त्याचं उत्तर कागदानिशी मिळालं नाही, तर ती फांदी पेन्सिलीनंच काढा.