काहीच बदललं नाही, मग बिल कसं वाढलं? क्लाउड सांभाळणाऱ्या टीमने या चुका टाळा

एप्रिल 2024 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचा फोन आला. "ओ सर, आम्ही काय नवीन घेतलं नाही, तुम्ही काय वाढवलं नाही, मग सर्व्हरचं बिल कसं काय वाढलं?" सुताचा साठा आणि ऑर्डरी सांभाळणारं त्यांचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर चालतं आणि ते आमच्या सहा जणांच्या टीमकडे आहे. कारण शोधायला दोन दिवस गेले आणि चूक आमचीच निघाली.

त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल 5.7 वर होता. या आवृत्तीची, म्हणजे तिला दुरुस्त्या मिळण्याची, मुदत ऑक्टोबर 2023 मध्येच संपली होती. ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, आरडीएस या डेटाबेस सेवेत नेहमीचा सपोर्ट फेब्रुवारी 2024 अखेरपर्यंत होता आणि 1 मार्चपासून एक्सटेंडेड सपोर्टचे, म्हणजे मुदतीनंतरच्या सपोर्टचे, वेगळे पैसे लागू झाले. सूचना खूप आधी येऊन पडली होती, पण ज्या मुलाने खातं उघडलं त्याच्या मेलवर. तो वर्षभरापूर्वी पुण्याला गेला होता आणि तो मेलबॉक्स कोणी उघडतच नव्हतं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे. टीम मागे पडते ती बहुतेक वेळा नवीन सेवा न शिकल्यामुळे पडत नाही. आपण आज जे वापरतोय, त्यातलं काय कोणत्या तारखेला संपणार आहे, हे ठाऊक नसल्यामुळे पडते.

नोटीस एकाच्याच मेलवर

क्लाउड खात्याचा मुख्य मेल कधीही एका माणसाचा ठेवू नका, ग्रुपचा ठेवा. एडब्ल्यूएसमध्ये बिलिंग, ऑपरेशन्स आणि सिक्युरिटी असे तीन पर्यायी संपर्क भरता येतात. बऱ्याच खात्यांत ते कोरे असतात, आजच बघून घ्या. मग एक साधी शीट करा: डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती, कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा), आणि प्रत्येकापुढे मुदत संपण्याची तारीख. आम्ही पहिल्यांदा शीट भरली तेव्हा सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टिमची दोन मशीन निघाली. त्याची मुदत 30 जून 2024 ला संपते, हे तोवर टीममध्ये कोणाच्या गावीही नव्हतं.

अपग्रेड साठवून ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हे वाक्य मीही कितीतरी वेळा बोललो आहे. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे 14 महिने सपोर्ट मिळतो. कंट्रोल प्लेनला, म्हणजे त्याच्या मुख्य नियंत्रण भागाला, मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. चार आवृत्त्या मागे असाल तर चार वेळा अपग्रेड, चार वेळा तपासणी. ईकेएस या एडब्ल्यूएसच्या कुबरनेटिस सेवेत नेहमीचा सपोर्ट संपला की एका क्लस्टरचा (सर्व्हरच्या गटाचा) दर तासाला 0.10 डॉलरवरून 0.60 डॉलर होतो. म्हणजे महिन्याला साधारण 73 डॉलरच्या जागी 438.

अपग्रेडनंतर ॲप चढवताना (डिप्लॉय करताना) "नो मॅचेस फॉर काइंड इन्ग्रेस" असा एरर आला तर यामल या सेटिंगच्या फाइलमधल्या स्पेसेस मोजत बसू नका. आमच्या मुलांची त्यात अख्खी संध्याकाळ गेली होती. इन्ग्रेसचे (बाहेरून येणारी मागणी ॲपकडे वळवणाऱ्या नियमांचे) जुने बीटा एपीआय कुबरनेटिस 1.22 मध्ये काढून टाकले आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीतली एपीआय आवृत्ती बदलायची आणि बॅकएंडची मांडणी नव्या पद्धतीने लिहायची. पाथ टाइप द्यायला विसरू नका, नाहीतर पुढचा एरर तयारच असतो. दुसरी अडचण 1.24 ची. त्यात डॉकरशिम (कुबरनेटिसला डॉकरशी जोडणारा भाग) गेलं, त्यामुळे डॉकरच्या सॉकेटवर अवलंबून असलेले लॉग गोळा करणारे किंवा इमेज बनवणारे पॉड (कुबरनेटिसवर चालणारे प्रोग्राम) बंद पडतात. आधी चाचणीच्या क्लस्टरवर चढवलं तर हे दोन्ही दिवसाउजेडी सापडतं.

तारीखही गावाकडे बघून ठरवा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात निम्मी टीम सुट्टीवर असते आणि दिवाळीआधी कारखान्यांची माल पाठवायची घाई असते. आम्ही मोठे अपग्रेड फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये करतो.

बिलात चुकीच्या ठिकाणी शोधणं

बिल वाढलं की सगळे आधी सर्व्हरचा आकार बघतात. एडब्ल्यूएसच्या कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या पानावर सेवेऐवजी 'यूसेज टाइप' (वापराचा प्रकार) निवडून दोन महिने शेजारी ठेवा, वाढ लगेच दिसते. 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला) तासाला 0.005 डॉलर लागतात, तो वापरात असला तरीही. एका पत्त्याचे महिन्याला पावणेचार डॉलरही होत नाहीत, पण असे वीस पत्ते विसरलेले असतात. आणि बजेट अलर्ट लावला म्हणजे खर्च थांबला, असं समजू नका. अलर्ट नुसता मेल पाठवतो, तोही काही तास उशिरा.

शिकण्यासाठी वेळच न देणं

"रविवारी घरी बघून घे" असं मुलांना सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या कामाचे पैसे कंपनी घेते, त्याचं शिकणंही कंपनीच्या वेळेतच व्हायला हवं. आम्ही शुक्रवारी दुपारी दोन तास राखून ठेवले आहेत. त्या वेळात शीटवरची जवळची तारीख घ्यायची आणि वेगळ्या चाचणी खात्यात ते अपग्रेड करून बघायचं. नवीन सेवांच्या घोषणा त्यानंतर, वेळ उरला तर. सर्टिफिकेट जरूर घ्या, पण एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं आणि तेवढ्या काळात कुबरनेटिसच्या आठ-नऊ आवृत्त्या होऊन जातात.

सोलापुरात आणखी एक गोष्ट धरूनच चालावं लागतं. चांगला तयार झालेला मुलगा दोन-तीन वर्षांत पुण्याला जाणार. त्याला अडवू नये, त्याचं भलं व्हावं. म्हणून आमच्याकडे अपग्रेड करणारा आणि त्याची टिपणं लिहिणारा कधीच एक नसतो. एकजण करतो, शेजारी बसलेला लिहितो, आणि पुढच्या वेळी लिहिणारा कीबोर्डवर बसतो. गेल्या वेळी टिपणात एक पायरी सुटली होती. ती आमच्या सगळ्यात नव्या मुलीने पकडली, कारण तिला त्यातलं काहीच आधी माहीत नव्हतं.